आग्रा–ग्वाल्हेर द्रुतगती मार्गावर लढाऊ विमान उतरू शकेल का? एका निवृत्त हवाई सैनिकाचे खुले पत्र

प्रति,
मा. संरक्षण मंत्री, भारत सरकार
मा. रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, भारत सरकार
मा. हवाई दल प्रमुख
मा. मुख्यमंत्री, मध्य प्रदेश
आणि ग्वाल्हेरचे सर्व लोकप्रतिनिधी

महोदय,

२ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आग्रा ते ग्वाल्हेर हा ८८ किलोमीटरचा सहापदरी द्रुतगती मार्ग मंजूर केला. खर्च ४,६१३ कोटी रुपये. प्रवासाचा वेळ निम्म्यावर येईल, जुन्या चौपदरी रस्त्यावरचा ताण कमी होईल, असं तेव्हा सांगण्यात आलं. ग्वाल्हेरकर म्हणून मला त्याचा आनंदच झाला. मात्र त्या जाहीर माहितीत मी जी ओळ शोधत होतो ती नव्हती. या रस्त्याच्या एका टोकाच्या शहरात मिराज विमानांचा महाराजपुरा तळ आहे आणि दुसऱ्या टोकाच्या शहरात आग्र्याचा हवाई तळ. असे दोन तळ जोडणाऱ्या नव्या कोऱ्या रस्त्यावर युद्धाच्या वेळी विमान उतरवण्याची सोय असेल की नाही, याबद्दल त्यात एक शब्दही नव्हता.

मी हवाई दलातून निवृत्त झालेला एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल-दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ आहे. आमचं घर ग्वाल्हेरच्या ‘लष्कर’ नावाच्या भागात, शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेल्या मराठी घरांपैकी एक. मुलगी आणि जावई दीनदयाळ नगरात राहतात, तळापासून फार दूर नाहीत. तळावर काही झालं तर पहिली झळ त्या वस्तीला लागेल. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझा जीव कुठे गुंतला आहे ते आपल्याला कळेल. या पत्रात जे आहे ते सगळं याआधी जाहीर झालेलं आहे. तळाच्या भिंतीआड काय आहे हे मी लिहिणार नाही, कुणी लिहूही नये.

विमान हवेत असताना त्याला पाडणं अवघड, जमिनीवर उभं असताना सोपं. आम्हाला प्रशिक्षणात पहिल्या काही महिन्यांतच हे शिकवलं जायचं आणि त्याबरोबर १९६५ सांगितलं जायचं. ६ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी पाकिस्तानची सेबर विमानं पठाणकोटवर आली तेव्हा आपली विमानं उघड्यावर होती. दहाच्या आसपास विमानं उभ्या जागी जळाली. त्यांत नुकतीच दाखल झालेली दोन मिग-२१ होती. दुसऱ्याच दिवशी पूर्वेला कलाईकुंड्याला तोच प्रकार झाला. कॅनबेरा आणि व्हॅम्पायर विमानं गेली. वैमानिक धडधाकट, शूर, तयार, आणि त्यांना उडवायला विमान नाही, ही अवस्था त्या दोन दिवसांत आपल्या लोकांनी भोगली. दोन वर्षांनी, ५ जून १९६७ ला, इस्रायलने इजिप्तच्या तळांवर सकाळी हल्ला केला आणि दिवस मावळायच्या आत अडीचशेहून अधिक इजिप्शियन विमानं जमिनीवर संपवली. बहुतेक उघड्यावर, आच्छादनाशिवाय उभी होती.

आपण मात्र शिकलो होतो. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, अवंतीपूर, अंबाला, जोधपूर अशा तळांवर एकामागून एक हल्ले झाले. आपल्या शेजारच्या आग्र्यापर्यंत पाकिस्तानी बॉम्बर पोहोचले. तरीही नुकसान किरकोळ झालं, कारण मधल्या सहा वर्षांत ब्लास्ट पेन, म्हणजे स्फोटापासून विमानाला आडोसा देणाऱ्या जाड भिंतींच्या जागा, बांधले गेले होते, विमानं पांगवून ठेवण्याची शिस्त अंगवळणी पडली होती, आणि धावपट्टीवर पडलेले खड्डे बुजवणाऱ्या तुकड्या तयार होत्या. त्याच रात्री आपली विमानं उलट हल्ल्याला निघाली. कुणीतरी शांततेच्या काळात जमीन धरून ठेवली, सिमेंट ओतलं, पैसा मंजूर केला आणि दर महिन्याला सराव करून घेतला, तेव्हा ती रात्र तशी गेली.

ग्वाल्हेरला आजवर एका समजुतीने निर्धास्त ठेवलं आहे: आपण सीमेपासून लांब आहोत. १ जून २०२५ नंतर ही समजूत बाळगणं धोक्याचं आहे. त्या दिवशी युक्रेनने ट्रकमधल्या लाकडी खोक्यांतून छोटे ड्रोन सोडून रशियाचे बॉम्बर पेटवले. युक्रेनच्या म्हणण्यानुसार ११७ ड्रोन वापरले. त्यांतला एक तळ, बेलाया, सैबेरियात इर्कुत्स्क भागात आहे, युक्रेनच्या सीमेपासून चार हजार किलोमीटरहून दूर. तिथेही विमानं तळाच्या मोकळ्या फरसबंदीवर उघडी होती. त्याआधी तीन आठवडे, १० मे २०२५ ला, आपल्या हवाई दलाने पाकिस्तानच्या आतल्या तळांवर अचूक मारा केला. रहीम यार खानची धावपट्टी पाकिस्तानला बंद ठेवावी लागली. मला त्या कामगिरीचा अभिमान आहे. पण आपण जे त्यांना दाखवलं त्यातून तेही शिकणार, आणि पुढच्या वेळी त्यांची नजर आपल्या धावपट्ट्यांवर असणार, हे गृहीत धरायला हवं.

महाराजपुरा त्यांच्या यादीत असणार यात मला शंका नाही. १९८५ पासून मिराज इथे आहे. १९९९ च्या कारगिल युद्धात टायगर हिलवर लेझरने नेम धरणारे बॉम्ब टाकले ते मिराजने. २६ फेब्रुवारी २०१९ ला बालाकोटला गेलेली मिराज ग्वाल्हेरहून उडाली. हवाई दलातल्या निवडक वैमानिकांना लढाईचे डावपेच शिकवणारी संस्थाही इथेच आहे. आणि आता विमानांची संख्याही पूर्वीसारखी राहिलेली नाही. मंजूर ४२ स्क्वाड्रनपैकी, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्यांपैकी, मिग-२१ च्या शेवटच्या दोन तुकड्या सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्यावर आपल्याकडे २९ उरल्या. मिराज तर आता कुठे नव्याने बनतच नाही. जमिनीवर गमावलेलं एक विमान म्हणजे कायमचं गेलेलं विमान.

मग पांगवायची कुठे? खरी अडचण इथे आहे आणि ती जमिनीची आहे. दुसऱ्या महायुद्धात देशभर धावपट्ट्या बांधल्या गेल्या. खरगपूरच्या परिसरात एकट्या बी-२९ बॉम्बरसाठी तळांचा अख्खा गुच्छ होता. त्यांतलं कलाईकुंडा आज जिवंत आहे. चाकुलिया, पियारडोबा यांच्या धावपट्ट्या ओस पडल्या. जगभर हेच झालं. शीतयुद्धात ब्रिटनने आपले व्ही-बॉम्बर, म्हणजे अण्वस्त्र टाकणारी विमानं, लहान-लहान गटांनी देशभरच्या तीसहून अधिक विमानतळांवर पांगवायची योजना आखली होती आणि त्याचा सरावही होत असे. आज त्यांची टायफून लढाऊ विमानं मुख्यतः कॉनिंग्सबी आणि लॉसीमथ या दोनच तळांवर आहेत. स्वीडनने १९६७ चा धडा सर्वांत गंभीरपणे घेतला. जंगलातल्या सरळ रस्त्यांना धावपट्ट्या केलं, विमानच असं बनवलं की छोट्या रस्त्यावर उतरेल आणि एक तंत्रज्ञ पाच नवशिक्या शिपायांना हाताशी घेऊन दहा-पंधरा मिनिटांत ते पुन्हा सज्ज करेल. शीतयुद्ध संपल्यावर त्यांनीही यातलं बरंच मोडीत काढलं, आणि आता घाईघाईने पुन्हा उभं करत आहेत. मोडायला फार वेळ लागला नाही, उभं करायला मात्र वर्षं लागत आहेत.

आपल्याकडे चांगलं काही झालंच नाही असं मी म्हणत नाही. मे २०१५ मध्ये मथुरेजवळ यमुना द्रुतगती मार्गावर मिराज उतरलं तेव्हा टीव्हीसमोर बसून मी टाळ्या वाजवल्या आहेत. त्यानंतर आग्रा–लखनौ मार्गावर, २०२१ मध्ये बाडमेरजवळ आणि सुलतानपूरजवळच्या पूर्वांचल मार्गावर, पुढे आंध्रात बापटल्याजवळ, आणि मे २०२५ मध्ये शाहजहानपूरला गंगा मार्गावर अशा आपत्कालीन धावपट्ट्या तयार झाल्या. गंगा मार्गावर तर रात्रीही विमानं उतरली. म्हणजे सरकारला हे करता येतं, हवाई दलाला ते हवं आहे, आणि महामार्ग खात्याला त्याचं तंत्र ठाऊक आहे. म्हणूनच आग्रा–ग्वाल्हेर मार्गाबद्दलचं मौन मला समजत नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली या रस्त्याचीच. द्रुतगती मार्गावर धावपट्टी नंतर बसवता येत नाही. तीन किलोमीटरहून लांब सरळ, सपाट तुकडा लागतो. त्यावर डांबराऐवजी जाड काँक्रीट हवं, मधला दुभाजक उचलून बाजूला ठेवता येईल असा हवा. दिव्याचे खांब, फलक, उड्डाणपूल, विजेच्या तारा त्या पट्ट्यात आणि दोन्ही टोकांच्या उड्डाणमार्गात नकोत. दोन्ही बाजूंना गुरं शिरणार नाहीत असं कुंपण, पाणी साचणार नाही असा निचरा, विमानं वळवून उभी करायला कडेला जागा. चंबळच्या बेहडांतून, म्हणजे खोल घळींतून, आणि अभयारण्याच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर असा तुकडा सहज सापडणार नाही हे मला कळतं. पण मोरेना आणि धौलपूरकडे सपाट शेतजमीनही आहे. आखणीच्या टप्प्यावर विचार झाला असेल तर ते लोकांना सांगा. झाला नसेल तर आजही करा.

दुसरी तक्रार जुन्या छोट्या धावपट्ट्यांची. आमच्या भागात शिवपुरीला, गुन्याला धावपट्ट्या आहेत. दतियाचा विमानतळ ३१ मे २०२५ ला सुरू झाला, त्याचं स्वागत. पण अशा जागांकडे पाहण्याची आपली दृष्टी एकच: प्रवासी विमान येणार का? येणार असेल तर टर्मिनल, नाहीतर वर्षानुवर्षं प्रस्ताव. युद्धाच्या दिवशी दोन-चार विमानं, एखादं हेलिकॉप्टर, एखादं मालवाहू विमान तिथे उतरू शकेल का, त्यासाठी लांबी किती वाढवावी लागेल, धावपट्टीचा पृष्ठभाग किती भार पेलेल, याचा हिशेब नागरी योजनेत कुठेच धरलेला दिसत नाही. धावपट्टी वापरात नसली की भेगांतून गवत येतं, कडेचे दगड सुटतात, कुणी धान्य वाळवतं, कुणी गाडी शिकतं. मग एके दिवशी कुणाला तरी ती मोकळी जमीन दिसते. जेट इंजिनाला एक खडा पुरतो. आम्ही सकाळी खांद्याला खांदा लावून रांगेत धावपट्टीवरून चालत खडे, खिळे, तारांचे तुकडे वेचायचो. त्या कामाला नाक मुरडणारा माणूस आमच्यात टिकत नसे. ज्या धावपट्टीवर वर्षभर झाडू फिरत नाही ती नकाशात असून नसल्यासारखी.

तिसरी तक्रार मला सर्वांत जास्त बोचते, कारण ती माझ्या कामाची आहे. विमान पांगवणं म्हणजे फक्त विमान हलवणं, असं बाहेरच्यांना वाटतं. विमान अर्ध्या तासात दुसरीकडे पोहोचतं. त्याच्यामागे जायला हवेत इंधनाचे टँकर (बॉव्झर), विमान ओढायचे ट्रॅक्टर, वीज देणाऱ्या ट्रॉल्या, ऑक्सिजन, टायर, जॅक, तपासणीची यंत्रं, शस्त्रं आणि ती चढवायच्या ट्रॉल्या, अग्निशामक गाडी, संदेशयंत्रणा, पहारा, आणि या सगळ्यांना हाताळणारी माणसं. त्या माणसांना जेवण, पाणी आणि चार तास झोप. यातलं एक जरी मागे राहिलं तर पांगवलेलं विमान रस्त्याच्या कडेला उभं असलेलं महागडं धूड होतं. रसद तुटलेल्या फौजेचं काय होतं हे ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पानिपतावर एका जागी अडकलेल्या छावणीत उपासमार आधी आली आणि लढाई नंतर. महादजी शिंदे तिथून पायाची जखम घेऊन परतले ते जन्मभरासाठी. म्हणून मी विचारतो: एखाद्या रस्त्यावर किंवा जुन्या धावपट्टीवर विमान उतरलं की समारंभ होतो, छायाचित्रं येतात. त्याच जागेवरून दोन-तीन दिवस सलग काम चालवण्याचा सराव किती वेळा होतो? नेमका आकडा सांगू नका. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीला सांगा आणि समिती समाधानी आहे की नाही एवढंच आम्हाला कळवा.

चौथी तक्रार शहराची, म्हणजे आमचीही. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत पक्षी जमतील अशा रीतीने कचरा टाकायला किंवा उघड्यावर जनावर कापायला विमान नियम, १९३७ च्या ९१ व्या नियमाने बंदी घातली. इमारतींच्या उंचीवर बंधनं आहेत, हवाई दलाची ना हरकत लागते. प्रत्यक्षात तळाच्या बाजूच्या वस्त्यांतून फिरलं की कचऱ्याचे ढीग आणि त्यांवर घिरट्या घालणाऱ्या घारी दिसतात. मी याबद्दल एका कार्यालयात लेखी तक्रार केली. ती दुसऱ्या कार्यालयाकडे गेली, तिथून उत्तर आलं की हा विषय त्यांच्या कक्षेत नाही. उड्डाण घेणाऱ्या विमानाच्या इंजिनात घार शिरली तर ते विमान कुठल्या वस्तीवर पडेल हे कुठल्याही कार्यालयाची कक्षा ठरवणार नाही. नागरिक म्हणून आपणही सुटत नाही. तळाला लागून प्लॉट घ्यायचा, वरचा मजला चढवायचा आणि मग आवाजाची तक्रार करायची, हे बरोबर नाही. मी हे माझ्या जावयालाही ऐकवलं आहे.

पाचवी तक्रार थोडक्यात. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, ग्वाल्हेरही त्यात होतं. सायरन वाजले, दिवे गेले, लोकांनी सहकार्य केलं. पुढे त्या सरावाचं नियमित काय झालं ते मोहल्ल्यात कुणालाही माहीत नाही. तरुण मुलांना विचारलं तर ती मदतीला तयार आहेत. नाव कुठे नोंदवायचं ते त्यांना ठाऊक नाही. १९७१ मध्ये भुजची धावपट्टी बॉम्बने उखडली तेव्हा शेजारच्या माधापरच्या सुमारे ३०० बायकांनी ७२ तासांत ती पुन्हा उडण्याजोगी केली. त्या काही लष्करी प्रशिक्षण घेतलेल्या नव्हत्या. त्यांना कुणीतरी विश्वासाने बोलावलं, काम नीट समजावून सांगितलं, आणि त्या आल्या. ग्वाल्हेरच्या बायका आणि पोरं यापेक्षा कमी पडणार नाहीत, पण त्यांना हे काम आधीच समजावून सांगायला हवं.

काही जण म्हणतील की ड्रोन आणि क्षेपणास्त्रांच्या काळात धावपट्ट्या वाढवण्यापेक्षा हवाई संरक्षण वाढवा. दोन्ही हवं. कितीही चांगली क्षेपणास्त्र यंत्रणा असली तरी शंभरातलं एखादं आत येतंच, आणि त्या वेळी सगळी विमानं एका ठिकाणी असली तर त्या एकाने काम होतं. पांगवलेल्या विमानांना शोधायला शत्रूला अधिक उपग्रह, अधिक ड्रोन, अधिक क्षेपणास्त्रं खर्चावी लागतात. त्याच्या खिशाला हात घालण्याचा हा सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे. काहींचा आक्षेप असेल की अशा गोष्टी उघडपणे बोलू नयेत. धावपट्टीसाठी मोकळा ठेवलेला रस्ता आकाशातून साऱ्या जगाला दिसतो. लपवायचं असतं ते कोणतं विमान कधी कुठे जाईल हे, आणि ते मी विचारलेलंही नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

आग्रा–ग्वाल्हेर द्रुतगती मार्गावर किमान एक आपत्कालीन धावपट्टी असावी. तांत्रिक कारणाने शक्य नसेल तर ते कारण महामार्ग मंत्रालयाने संसदेत सांगावं. यापुढे कोणत्याही हवाई तळाच्या १५० किलोमीटरच्या परिसरात होणाऱ्या प्रत्येक नव्या द्रुतगती मार्गाचा आराखडा मंजूर होण्याआधी हवाई दलाचं मत घेणं सक्तीचं करावं.

मध्य प्रदेश शासनाने आपल्या ताब्यातल्या सर्व धावपट्ट्यांची, वापरातल्या आणि पडीक, हवाई दलाबरोबर संयुक्त पाहणी करावी. पाहणी होईपर्यंत त्यांची एक इंचही जमीन दुसऱ्या कामाला देऊ नये. ज्या उपयोगी ठरतील त्यांच्या देखभालीसाठी दरवर्षी ठरलेली रक्कम द्यावी आणि त्यात संरक्षण मंत्रालयाने आपला वाटा उचलावा.

उघड्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक लढाऊ विमानाला वरून येणाऱ्या लहान ड्रोनपासूनही आडोसा मिळेल अशी व्यवस्था किती काळात पूर्ण होणार, हे स्थायी समितीपुढे ठेवावं.

महाराजपुरा तळाभोवतीचा कचरा, उघडी मांसविक्री, पतंग, लेझर दिवे आणि उंच बांधकामं यांसाठी एकच जबाबदार अधिकारी नेमावा, त्याचं नाव आणि फोन नंबर लोकांना कळवावा. तक्रार फिरवत ठेवायला दुसरं टेबलच नसावं.

ग्वाल्हेरमध्ये नागरी संरक्षणाची नोंदणी सुरू करावी आणि वर्षातून दोनदा सराव घ्यावा. त्यात आमच्यासारख्या निवृत्त सैनिकांना शिकवायला बोलावावं. आम्ही मानधन मागणार नाही.

ग्वाल्हेरच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली आणि मार्च २०२४ मध्ये ते उभं राहिलं. मनात आणलं तर या शहरात काम किती लवकर होतं ते आम्ही पाहिलं आहे. रस्त्याचं काँक्रीट ओतलं जात नाही तोवर नकाशात तीन किलोमीटर सरळ करणं शक्य आहे. आमच्या खासदारांनी हा प्रश्न पुढच्या अधिवेशनात लेखी विचारावा आणि आलेलं उत्तर ग्वाल्हेरच्या वर्तमानपत्रांत छापून आणावं, ही विनंती.

आपला,
हवाई दलातील एक निवृत्त एअरफ्रेम फिटर
लष्कर, ग्वाल्हेर